बबनचं वाक्य बबनच पुरं करन

परवा मुलगा पुण्याहून आला होता. त्याच्या कंपनीने एका मोठ्या हॉटेलात ट्रेनिंग ठेवलं होतं. कोट-टाय घातलेल्या एका माणसाने म्हणे दिवसभर रग्बी या खेळावरून यशाचे धडे शिकवले. टीमवर्क, फोकस, नेव्हर गिव्ह अप! मुलाने मला लॅपटॉपवर तो खेळ दाखवला. धिप्पाड माणसं एकमेकांच्या पायांना मिठ्या मारत होती, चिखलात लोळत होती, उठत होती आणि पुन्हा मिठ्या मारत होती.

मी म्हटलं, "अरे, ही तर आपली कबड्डी! फक्त यांच्या हातात कोणीतरी अंडं दिलंय."

मुलगा हसला. म्हणाला, "बाबा, मग तुमच्या वेळचे धडे सांगा की."

आता आमच्याकडे धडे कुठले! आमच्याकडे किस्से. आणि किस्से म्हणजे कापूस वेचण्यासारखं काम. एका बोंडासाठी वाकावं तर पुढचं दिसतं, त्याच्या पुढचं दिसतं, आणि कंबर सरळ करेपर्यंत ओटी भरून गेलेली असते. त्याला सांगायला बसलो आणि जेवणं थंड झाली.

सगळे किस्से नालवाडीच्या मैदानावरचे, सत्तर-ऐंशीच्या दशकातले. आम्ही बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. मी वर्ध्यात एका कचेरीत कारकून आणि मैदानावर कॅप्टन. त्या काळात आमच्या संघाला जिल्ह्याचा कप हवा होता, आणि आमचा चढाईबहाद्दर बबन भोयर याला ढोबळे गुरुजींची मुलगी कुसुम हवी होती. दोन्ही गोष्टी सारख्याच अवघड होत्या!

*

आधी आमचे कोच. नामदेवभाऊ. नालवाडीच्या नाक्यावर त्यांचं किराणा दुकान. तरुणपणी हुतूतू खेळलेले, मांड्या अजून तशाच. त्यांची प्रॅक्टिस घ्यायची पद्धत जगात दुसरीकडे नसेल. दुकानाचा माल आला की ते आम्हाला बोलवायचे. दोघांनी एकमेकांचं मनगट धरायचं आणि उरलेल्या एकेका हाताने ट्रकमधलं पोतं उतरवायचं. मध्ये मनगट सुटलं तर पोतं पुन्हा ट्रकवर!

सगळी नालवाडी म्हणायची, "नामदेवले फुकटचे हमाल भेटले." खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटायचं. एकदा आमच्यातल्या गोविंदाने धीर करून विचारलंच, "भाऊ, हे प्रॅक्टिस होय का हमाली?"

भाऊ म्हणाले, "पोतं उतरलं तर हमाली. मनगट नाई सुटलं तर प्रॅक्टिस."

त्या वर्षी आर्वीत सामना होता. समोरचा चढाईवाला म्हणजे बैलच. तो माझ्या आणि गोविंदाच्या साखळीवर येऊन असा आदळला की आम्ही दोघंही पार मधल्या रेषेपर्यंत ओढले गेलो. रेषा वीतभर राहिली असेल. पण मनगटं सुटली नाहीत. तो तिथेच आडवा झाला. सामना संपल्यावरही आमची बोटं उघडेनात! भाऊंनी स्वतः खोबरेल तेल लावून एकेक बोट सोडवलं. मला वाटलं, आता म्हातारा शाबासकी देणार.

बोटं चोळता चोळता भाऊ म्हणाले, "उद्या साखरेचा ट्रक येऊन राह्यला."

*

गोविंदा आमचा उजवा कोपरा. त्याचं काम एकच, घोटा धरायचा. धरला की धरला. असा हट्टी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

हिंगणघाटच्या संघाशी खेळताना त्याने असाच एकाचा घोटा धरला. त्या पोराने सुटण्यासाठी पाय झाडला, तो बसला गोविंदाच्या तोंडावर. समोरचा दात गेला. रक्त वाहतंय, शिट्टी झाली, चढाईवाला बाद झाला, तरी गोविंदा पाय सोडेना.

तो पोरगा काकुळतीला आला, "भाऊ, सोड न! शिट्टी झाली."

गोविंदा रक्ताळलेल्या तोंडाने म्हणाला, "मले नाई ऐकू आली. पंचाले म्हणा, पुन्हा वाजवा."

पंचांनी पुन्हा वाजवली! मग दाताचा शोध सुरू झाला. आमचं मैदान म्हणजे चाळलेली काळी माती आणि लाकडाचा भुसा, त्यात दात कसा सापडणार? भाऊंनी मातीच्या चाळण्या आणल्या. सामना थांबवून दोन्ही संघांचे खेळाडू ओळीने माती चाळायला बसले, आणि सगळ्यात पुढे तोच लाथ मारणारा पोरगा. दात त्यालाच सापडला. त्याने तो दोन्ही हातांनी गोविंदाला दिला.

गोविंदाने दात खिशात टाकला आणि विचारलं, "चढाई कोणाची हाये आता?"

*

बबन आम्हाला मैदानावर सापडला नाही. तो रस्त्यावर सापडला.

कापसाच्या दिवसांत बाजाराकडे जाणाऱ्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आमच्या मैदानाजवळून जायच्या. एका बंडीवर हा काळाभोर, सडपातळ पोरगा उभा असायचा. तो बोलताना अडखळायचा. साधं "भाऊ, रस्ता द्या" म्हणायचं तर शब्द ओठावर येऊन थांबायचा, मान हलायची, डोळे मिटायचे. लोक हसायचे. त्यामुळे तो बोलायचाच नाही. बंडी उभी करून मुकाट्याने वाट बघायचा.

एकदा चढावर बैल अडले. तेव्हा आम्ही ऐकलं ते आजही कानात आहे. बबन बैलांशी बोलायला लागला. एका दमात, एकही शब्द न अडखळता! त्यांची नावं, त्यांचे लाड, त्यांना शिव्या, सगळं नदीसारखं वाहत होतं. बंडी चढ चढून गेली तरी त्याचा श्वास संपला नव्हता.

भाऊ दुकानातून धावत आले. "पोरा, इकडं ये. म्हण, कबड्डी!"

बबनने घाबरून आधी भाऊंकडे पाहिलं, मग बैलांकडे पाहिलं. बैलांकडे बघत त्याने सुरुवात केली. कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी... आम्ही बघतच राहिलो. पोरांनी हातातलं काम सोडलं. असा दम! असा स्वच्छ आवाज! आम्ही गंमत म्हणून त्याच्या सोबत म्हणायला लागलो, तर आमचे सगळ्यांचे श्वास संपले, हा आपला चालूच.

शेवटी भाऊंनीच हात जोडले. "बस झालं बाप्पा! बैल उपाशी हायेत."

*

बबन मैदानावर आला आणि आम्ही चढाया जिंकायला लागलो. पण मैदानाबाहेर तो बोलायला लागला की आम्हा सगळ्यांना एक खोड होती. त्याचं वाक्य आम्हीच पूर्ण करायचो. प्रेमानेच करायचो! त्याला त्रास नको म्हणून.

एक दिवस तो प्रॅक्टिसला आलाच नाही. अंधार पडता पडता धुळीने भरलेला, पाय ओढत आला. भाऊंनी विचारलं, "कुठं गेलता बे?"

मोठ्या कष्टाने त्याने जे सांगितलं ते असं. त्याला जायचं होतं सेवाग्रामला. वर्ध्याच्या बसस्टँडवर गाडीची चौकशी करताना तो "से... से..." करत अडकला. बाजूच्या एका भल्या माणसाने त्याला अर्ध्यात थांबवलं. "सेलू न? चाल, मी बी तिकडंच जाऊन राह्यलो." हाताला धरून त्याने बबनला गाडीत बसवलं, जागासुद्धा करून दिली. गाडी भलत्याच दिशेला निघाली. बबन सेलूला उतरला आणि चालत परत आला.

मी म्हटलं, "अरे, पण सांगायचं न त्याले!"

बबन खाली मान घालून म्हणाला, "तो... तो... खुश झाला होता. मले म... मदत केली म्हणून."

कोणी हसलं नाही. आमच्यापैकी प्रत्येकाने त्याला कितीदा सेलूला पाठवलं असेल कोण जाणे! भाऊ उठले, कोपऱ्यातली चाळणी आणून मैदानाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाले, "आजपासून बबनचं वाक्य बबनच पुरं करन. जो मधात बोलन, तो माती चाळन."

पहिल्या आठवड्यात सगळा संघ माती चाळत होता. एकदा तर भाऊंच्याच तोंडून शब्द निसटला, आणि भाऊ निमूटपणे चाळणी घेऊन बसले! त्या वर्षी आमच्या मैदानाची माती मैद्यासारखी झाली. बाहेरगावचे खेळाडू हातात घेऊन बघायचे आणि विचारायचे, "एवढी बारीक माती कशी काय करता बाप्पा?"

आम्ही भाऊंकडे बोट दाखवायचो.

*

आता ढोबळे गुरुजी. पिपरी मेघेला राहायचे, शाळेत ड्रिल शिकवायचे आणि आजूबाजूच्या प्रत्येक सामन्यात पंच असायचे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. त्यांच्यापुढे देवाचंही चाललं नसतं.

एका सामन्याच्या उद्घाटनाला एक बडे पुढारी आले होते. गळ्यात हार, मागे कार्यकर्ते. ते मैदानात शिरले ते थेट चुन्याने आखलेल्या रेषेवरून, बूट घालून. रेष पुसली. गुरुजींनी जोरात शिट्टी फुंकली! गुरुजींनी पुढाऱ्यांकडे बोट दाखवलं आणि हात बाहेर केला. "बाद!"

कार्यकर्ते खवळले. "अहो गुरुजी, प्रमुख पाहुणे हायेत ते!"

"मी कुठं नाई म्हणून राह्यलो? प्रमुख पाहुणे बाद."

आणि ते पुढारी, मानलं पाहिजे त्यांना, हात वर करून, हसत हसत रेषेबाहेर जाऊन उभे राहिले. गुरुजींनी स्वतः चुना आणून रेष पुन्हा ओढली, मग पाहुण्यांना आत बोलावलं.

अशा माणसाची मुलगी आमच्या बबनला हवी होती!

*

स्थळ बबनच्या मामांनी काढलं होतं. मामा मोठा प्रेमळ माणूस, पण बोलायला लागला की पंखा बंद करावा तसं बटण शोधावं लागायचं. बबनसोबत मित्र म्हणून मीही पिपरी मेघेला गेलो.

पोहे आले. गुरुजींनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

बबन म्हणाला, "ब... ब..."

मामा म्हणाले, "बबन! बबन शामराव भोयर! शेती स्वतःची, विहीर हाये, निर्व्यसनी पोरगा!"

"शिक्षण?"

"मॅट्रिक! गणितात हुशार!"

"खेळता तुम्ही, मी पाह्यलं. दुखापत वगैरे?"

"काही नाई! लोखंड हाये लोखंड!"

मी मामांच्या पायावर पाय दिला, तर मामांनी मलाच विचारलं, "तुह्या पायाले मुंग्या आल्या काय?"

परत येताना सायकलवर बबन एकदम उजळलेला होता. मला कळेना, एवढं सगळं बिघडलं आणि हा खुश कसा? तेव्हा त्याने थांबत थांबत सांगितलं. आतल्या दारात कुसुमने चहा देताना विचारलं होतं, साखर बरोबर आहे का? याला उत्तर द्यायला खूप वेळ लागला. "ती... थां... थांबली होती," बबन म्हणाला. "ट्रे धरून. पु... पुरं ऐकेपर्यंत."

नालवाडी येईपर्यंत त्याने ते मला आणखी दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी पुरं ऐकलं.

*

गुरुजींचं उत्तर आठवड्याने आलं. किराणा घ्यायला ते भाऊंच्या दुकानात आले आणि म्हणाले, "नामदेवराव, पोरगा बरा वाटला. पण बोलले सगळे मामाच. मी पोरगी बबनले देऊन राह्यलो का मामाले, हेच मले समजलं नाई. पाहू पुढं."

आपल्याकडे "पाहू पुढं" म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत असतं.

आम्ही भाऊंना घेरलं. "भाऊ, तुमचा शब्द गुरुजी मोडणार नाईत. एकदा सांगून पाहा न बबनबद्दल."

भाऊ वजनकाट्याकडे बघत म्हणाले, "मी सांगतलं, तर मंग पुन्हा दुसराच कोणी बोलला न!"

तेवढ्यात मामा आणि बबन दुकानात आले. भाऊंनी बबनला जवळ बसवलं. "काय झालं पोरा?"

"गु... गु..."

मामा कळवळून म्हणाले, "गुरुजीनं नाई म्हटलं हो! पोराचं मन मोडलं!"

भाऊ उठले. आत गेले, चाळणी घेऊन आले आणि मामांच्या हातात दिली. मामा पाहुणे माणूस, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी! त्या संध्याकाळी ते मैदानावर उकिडवे बसून माती चाळत होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत होते, "पण काऊन? माह्यी चूक काय झाली?"

ती बबननेच त्यांना शेजारी बसून समजावली. बराच वेळ लागला. मामा मध्ये एकदाही बोलले नाहीत. उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि ते धूळ गेली म्हणत होते.

*

आणि मग ती जिल्ह्याची फायनल. वर्ध्यात होती. बाजारात आलेले लोक बंड्या सोडून थेट मैदानावर आलेले, झाडांवर पोरं, एका बाजूला बायका, त्यांत कुसुमही. भाऊंच्या शेजारी मामा. आणि पंच कोण? ढोबळे गुरुजी!

समोरचा संघ जबरदस्त होता. गोविंदाने घोटे धरले, आमच्या साखळ्या टिकल्या, बबनने चढाया मारल्या, आणि तरीही शेवटच्या मिनिटाला गुण सारखे. शेवटची चढाई आमची. मी बबनकडे पाहिलं. तो आधीच रेषेवर उभा होता.

कबड्डी कबड्डी कबड्डी... त्याने त्यांच्या डाव्या कोपऱ्याला हात लावला, वळला, आणि घोटा धरला गेला. मग कंबर धरली. मग सगळे सातच्या सात त्याच्या अंगावर! नुसता ढीग. लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते. त्या ढिगाखालून एक हात निघाला, मातीतून सरकत सरकत आला आणि बोटं मधल्या रेषेवर टेकली. गुरुजी गुडघ्यावर बसून बघत होते. शिट्टी झाली. गुरुजींचा हात आमच्या बाजूला!

कप आमचा! आम्ही बबनला खांद्यावर घेतलं. टोप्या उडाल्या. आणि तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. खांद्यावर बसलेल्या बबनने हात वर केला होता. बाद झालेला खेळाडू करतो, तसा.

तो खाली उतरला आणि गुरुजींसमोर जाऊन उभा राहिला.

"काय?" गुरुजींनी विचारलं.

"द... द..."

मैदान हळूहळू शांत झालं. तो काय म्हणणार, ते मला कळलं. आम्हाला सगळ्यांनाच कळलं. शब्द माझ्या ओठावर आला. तेवढ्यात गोविंदाने माझं मनगट धरलं. मी पुढच्याचं धरलं. आम्ही साखळी केव्हा केली ते आम्हालाच समजलं नाही.

समोरच्या संघाचा कॅप्टन पुढे आला. "गुरुजी, तो म्हणते का..."

"तुम्हाले विचारलं काय?" गुरुजी म्हणाले.

तो मागे सरकला. एवढं मोठं मैदान, पण बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. बबनचे डोळे मिटले होते, मान हलत होती. भाऊ जागेवर उभे राहिले होते. मामांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

"द... दम... तु... तुटला, गुरुजी. हा... हात रे... रेषेले लागायच्या आ... आधी. मले म... माहीत हाये."

गुरुजींनी मान डोलावली. मग गुणलेखकाच्या टेबलाकडे बघून म्हणाले, "लिहून घ्या लागते. नाव सांगा. पुरं."

गुरुजींना नाव माहीत नव्हतं की काय!

बबनने श्वास घेतला. "ब..." म्हणाला आणि थांबला. पुन्हा घेतला. सगळं मैदान थांबलं. झाडावरची पोरं थांबली. "ब... बबन... शा... शामराव... भोयर."

गुरुजींनी शिट्टी फुंकली आणि हात समोरच्या संघाच्या बाजूला केला. आम्ही एका गुणाने हरलो. त्यांच्या कॅप्टनने कप घेतला, पण तो कुठे धरावा हे त्याला कळत नव्हतं.

गुरुजी शिट्टी खिशात टाकून आमच्याकडे आले. भाऊंना नमस्कार केला. मग मामांकडे वळले. मामांचे हात अजून तोंडावरच होते.

"रविवारी बबनले घरी पाठवजा," गुरुजी म्हणाले. "अन् मामा, तुम्ही नाई आले तरी चालन."